पाय अडले तरी चाक चालते

सायकल चालवताना देहाचे बहुतेक वजन सीटवर असते, थोडे हँडलवर आणि उरलेले पेडलवर. चालताना प्रत्येक पावलाला सगळा देह एका पायावर तोलावा लागतो आणि लगेच तो भार दुसऱ्या पायावर सोपवावा लागतो. घोटा, गुडघा, खुबा आणि मेंदूतली तोल सांभाळणारी यंत्रणा यांचा मेळ क्षणभर चुकला तरी पाऊल अडखळते. सायकलवर यातले बरेचसे काम यंत्र आपल्याकडे घेते आणि पायाला फक्त एका ठरलेल्या वर्तुळात फिरत राहावे लागते. त्यामुळे ज्याला चालणे जड जाते त्याला सायकल जमणारच नाही, हा समज खरा नाही. गुडघे झिजलेली, एक पाय गमावलेली, पोलिओने एक पाय बारीक राहिलेली, दृष्टी नसलेली माणसे शेकडो किलोमीटर सायकल चालवतात. त्यातली पुष्कळशी त्या प्रवासातून इतरांच्या उपचारांसाठी पैसेही उभे करतात.

वैद्यकशास्त्रात याचे एक लख्ख उदाहरण नोंदले गेले आहे. नेदरलँड्समधल्या नायमेखन शहरात मेंदूविकारतज्ज्ञ बास ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांकडे ५८ वर्षांचा एक रुग्ण उपचारासाठी येत असे. त्याला दहा वर्षांपासून पार्किन्सनचा आजार होता. पाऊल टाकायला गेले की त्याचे पाय जमिनीला खिळत आणि दोनचार पावलांत तो पुढे कोसळे. हा माणूस सायकल मात्र रोज चालवत होता. त्याला सायकलवर बसवून दिल्यावर तो सरळ निघाला, वळला आणि नीट परत आला. खाली उतरताच पाय पुन्हा खिळले. या प्रसंगाचे चित्रीकरण २०१० मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ने प्रसिद्ध केले आणि जगभरचे मेंदूविकारतज्ज्ञ चकित झाले. फिरत्या पेडलमुळे मेंदूला बाहेरून एक ठेका मिळत असावा आणि चालण्याची आज्ञा जिथे अडते ती जागा टाळून पाय हलत असावेत, असा त्यामागचा एक तर्क आहे. चालणे आणि सायकल चालवणे ही मेंदूच्या लेखी दोन वेगळी कामे आहेत, एवढे तरी या उदाहरणावरून स्पष्ट होते.

शारीरिक मर्यादा आणि चाक यांचे नाते सायकलीहूनही जुने आहे. जर्मनीत न्यूरेंबर्गजवळ राहणारा स्टेफान फार्फ्लर हा घड्याळजी पायाने अधू होता. १६५५ मध्ये, ऐन विशीत, त्याने स्वतःसाठी एक तीनचाकी गाडी बनवली. हातांनी दांडे फिरवले की दात्यांच्या चाकांमार्फत पुढचे चाक फिरे. घड्याळातली दातेरी चाके रोज हाताळणाऱ्या माणसाला ही कल्पना सुचावी, यात नवल नाही. कार्ल फॉन ड्राइसची दुचाकी, जिला सायकलीची आद्य आवृत्ती मानतात, ती आली १८१७ मध्ये. म्हणजे धडधाकट माणसासाठी दुचाकी तयार होण्याच्या दीडशेहून अधिक वर्षे आधी, चालू न शकणाऱ्या एका माणसाने स्वतःच्या बळावर चालणारी गाडी रस्त्यावर आणली होती.

भारतात त्या गाडीचे वंशज गावोगावी दिसतात. तहसील कार्यालयासमोर, एसटी स्टँडवर, देवळाच्या पायऱ्यांशी उभी असलेली हाताने फिरवायची तीनचाकी सायकल फार्फ्लरच्याच तत्त्वावर चालते. अशा सायकली बनवणारी केंद्र सरकारची ‘अॅलिम्को’ ही संस्था १९७२ मध्ये कानपूरला स्थापन झाली. या तीनचाकीने लाखो माणसांना घराबाहेर काढले, हे तिचे श्रेय मोठे आहे. पण ती जड असते, तिला बहुधा गिअर नसतात आणि चढ लागला की मागून कुणीतरी ढकलावे लागते. स्पर्धेतली हँडसायकल तत्त्वाने तीच असली तरी तिच्यात माणूस जवळजवळ आडवा असतो, दोन्ही हात एकाच वेळी पुढे-मागे फिरतात आणि गिअर भरपूर असतात. व्हीलचेअरची कडी हाताने ढकलताना शरीराने खर्चलेल्या ऊर्जेपैकी जेमतेम दहावा हिस्सा गतीत उतरतो. हातपेडलने तो पंधरा टक्क्यांच्या आसपास जातो. पायाने चालवलेल्या सायकलीत तो वीस ते पंचवीस टक्के असतो. हातांचे स्नायू लहान असल्याने ही तफावत राहणारच, पण दहाचे पंधरा होणे म्हणजे तेवढ्याच दमात दीडपट अंतर. लांब पल्ल्याचा विचार करता येतो तो या फरकामुळे.

सायकल देहाला जुळवून घेणे, हा या साऱ्या प्रकरणाचा गाभा आहे. दुकानातली सायकल सरासरी देहासाठी बनवलेली असते, आणि मर्यादा असलेल्या माणसाला पहिला धक्का तिथेच बसतो. एकदोनदा पडल्यावर किंवा गुडघा दुखल्यावर तो सायकलच सोडून देतो. खरे तर पुष्कळदा सीट दोन बोटे वर घेतली तरी काम भागते. सीट खूप खाली असेल तर पेडल वर येताना गुडघा जास्त वाकतो आणि वाटीवरचा दाब वाढतो. झिजलेल्या गुडघ्याचे दुखणे अनेकदा इथूनच सुरू होते. एक हात नसलेल्या माणसासाठी दोन्ही ब्रेक एकाच लिव्हरला जोडता येतात. तोल न सांभाळणाऱ्यासाठी तीनचाकी असते, पाठीच्या दुखण्यासाठी रेलून चालवायची रिकम्बंट सायकल असते. पोलिओच्या पायाला पेडलवर पट्ट्याने बांधून टाचेला आधार दिला की तो पाय निदान वर्तुळात फिरत राहतो आणि जोर दुसरा पाय लावतो. वन्य विषाणूमुळे झालेल्या पोलिओचा भारतातला शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला. त्यामुळे असे पाय घेऊन जगणारी बहुतेक माणसे आज प्रौढ आहेत. त्यांच्या बाबतीत एक सावधगिरी फार महत्त्वाची: पोलिओतून वाचलेले स्नायू आधीच दुप्पट काम करत असतात. त्यांना पार थकवून टाकणारा सराव केला तर पुढे शक्ती वाढण्याऐवजी घटू शकते.

पाय कापावा लागलेल्यांचा प्रश्न अधिक बारकाईने पाहण्यासारखा आहे. गुडघ्याखाली पाय गेलेला असेल तर मांडी आणि कुल्ल्याचे मोठे स्नायू शाबूत असतात, आणि सायकलीला मुख्य बळ त्यांचेच लागते. अडचण येते ती कृत्रिम पायाच्या सॉकेटची, म्हणजे उरलेला पाय ज्यात बसतो त्या खोबणीची. पेडल वर आले की गुडघा शंभर अंशांहून जास्त वाकतो आणि सॉकेटची मागची कड मांडीच्या शिरांत रुतते. ती कड थोडी खाली कापून घेतली आणि पेडलचा दांडा, म्हणजे क्रँक, आखूड बसवला की गुडघ्याला कमी वाकावे लागते. चालण्यासाठी कृत्रिम पाऊल लवचीक हवे असते. जयपूर फूटची थोरवी त्याच्या लवचीक रबरी पावलात आहे, त्यामुळे उकिडवे बसता येते, शेतात चालता येते. पेडलवर तोच लवचीकपणा जोर खातो, म्हणून लांब अंतर चालवणारे बहुधा ताठ पाऊल वापरतात आणि बुटाची पकड पावलाच्या मध्याकडे सरकवून घेतात. गुडघ्याच्या वर पाय गेलेले पुष्कळ सायकलपटू कृत्रिम पाय काढून ठेवतात आणि एकाच पायाने चालवतात. अशा वेळी पेडलला बूट अडकवलेला असणे अत्यावश्यक, कारण पेडल खाली गेल्यावर ते वर ओढायला दुसऱ्या बाजूने कुणी नसते. दोघांनी वाटून घ्यायचे वर्तुळ एकच पाय पुरे करतो.

लांबच्या प्रवासात कृत्रिम पाय वापरणाऱ्यांचा खरा शत्रू घाम असतो. पाचसहा तासांत सॉकेटच्या आतले कापड ओले होते, कातडी मऊ पडते, घासते आणि फोड येतो. एक साधा फोड माणसाला आठवडाभर कृत्रिम पाय घालू देत नाही, म्हणजे आठवडाभर तो घरात अडकतो. धडधाकट सायकलपटूच्या फोडापेक्षा याची किंमत कितीतरी मोठी आहे. म्हणून दर तासा-दीड तासाला थांबून सॉकेट काढणे, पाय कोरडा करणे, मोजा बदलणे हे त्यांच्या वेळापत्रकातच असते. कुणी त्याला आळस समजू नये.

अंध व्यक्तीसाठी दोघांची सायकल, टँडेम, हा राजमार्ग आहे. पुढचा डोळस चालक दिशा, ब्रेक आणि बहुधा गिअर पाहतो. मागचा फक्त पेडल मारतो, पण पूर्ण ताकदीने. दोन्ही पेडल एकाच साखळीने जोडलेली असतात, त्यामुळे पुढच्याने पाय थांबवला की मागच्यालाही थांबावा लागतो. म्हणून बोलत राहणे हा टँडेमचा पहिला नियम. ‘खड्डा’, ‘डावीकडे’, ‘थांबतोय’, ‘चढ आला’ हे शब्द वेळेवर आले नाहीत तर मागच्याच्या पाठीला हिसका बसतो आणि त्याहून वाईट म्हणजे विश्वास उडतो. चढावर ही सायकल जड जाते, सपाटीवर एकट्याच्या सायकलीपेक्षा वेगाने धावते आणि उतारावर तिचे ब्रेक फार तापतात. घाटात उतरताना मध्ये थांबून चाके थंड होऊ देणे भाग पडते. या जोडीत मागचा माणूस प्रवासी नसतो. शंभर किलोमीटर पुरे होतात तेव्हा त्यातले निम्मे कष्ट त्याचे असतात, आणि ही गोष्ट पुढच्याच्या पायांना चांगली ठाऊक असते.

टँडेमवरूनच पार्किन्सनच्या उपचारातला एक महत्त्वाचा धागा हाती आला. अमेरिकेच्या आयोवा राज्यात १९७३ पासून दरवर्षी उन्हाळ्यात ‘रॅगब्राय’ नावाची आठवडाभराची सायकलफेरी होते. राज्याच्या पश्चिम टोकापासून पूर्व टोकापर्यंत हजारो लोक सायकलने जातात. पार्किन्सनबद्दल लोकांत जागृती व्हावी म्हणून २००३ मध्ये जे अल्बर्ट्‌स हे संशोधक एका पार्किन्सनग्रस्त स्त्रीला टँडेमवर मागे घेऊन या फेरीत उतरले. संशोधनाचा काहीच हेतू नव्हता. पण काही दिवसांनी तिचे हस्ताक्षर सुधारल्याचे दिसू लागले. या आजारात अक्षर बारीक आणि कापरे होत जाते, आणि तिने तर हातांनी काहीच व्यायाम केला नव्हता. अल्बर्ट्‌स यांना शंका आली की पुढच्या चालकाच्या वेगामुळे तिचे पाय तिच्या स्वतःच्या गतीपेक्षा जास्त वेगाने फिरले, त्याचा हा परिणाम असावा. पुढे क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये त्यांनी ही शंका तपासली. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात दहा रुग्ण होते. आठ आठवडे, आठवड्यातून तीनदा, तासभर सायकल. अर्ध्यांनी आपल्या सोयीच्या गतीने चालवली, अर्ध्यांना टँडेमवर प्रशिक्षकाने सुमारे तीस टक्के जास्त गतीने फिरवले. दम दोन्ही गटांचा वाढला, पण हालचालींच्या वैद्यकीय मोजणीत ३५ टक्के सुधारणा झाली ती फक्त दुसऱ्या गटात. दहा रुग्णांचा प्रयोग लहानच म्हणायचा आणि सायकलीने हा आजार बरा होत नाही. तरी पार्किन्सनच्या रुग्णांसाठी सायकलचे वर्ग आज अनेक ठिकाणी चालतात, त्यांच्या मुळाशी जागृतीसाठी काढलेली ती एक फेरी आहे.

प्रकृतीला सायकलीने होणारा सर्वसाधारण लाभ आता वादाचा राहिलेला नाही. कोपनहेगनमध्ये हजारो लोकांची वर्षानुवर्षे नोंद ठेवून २००० मध्ये जो अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात कामावर सायकलने न जाणाऱ्यांचा मृत्युदर जाणाऱ्यांपेक्षा ३९ टक्के जास्त आढळला. इतर व्यायामाचा हिशेब वेगळा काढूनही हा फरक टिकला. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत अपंग आणि दीर्घ आजार असलेल्यांसाठी प्रथमच स्वतंत्र शिफारस केली. प्रौढांसाठी ती इतरांसारखीच आहे: आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम. ‘तुम्ही आराम करा’ हा वर्षानुवर्षांचा सल्ला इथे अधिकृतपणे मागे पडला. उशीर झाला, पण झाले ते योग्यच झाले.

मधुमेहात सायकल विशेष उपयोगी पडते, कारण काम करणारा स्नायू इन्शुलिनच्या मदतीशिवायही रक्तातली साखर ओढून घेऊ शकतो. हाच गुण इन्शुलिन घेणाऱ्याच्या बाबतीत धोका ठरतो. चार तास सायकल चालवून आलेल्या माणसाची साखर त्याच रात्री झोपेत घसरू शकते. हा धोका ओळखून त्याचा बंदोबस्त करणारे सायकलपटू अमेरिकेत एकत्र आले. सात महिन्यांचा असतानाच टाइप वन मधुमेहाचे निदान झालेल्या फिल सदरलँडने आणि त्याच्या मित्राने २००५ मध्ये ‘टीम टाइप वन’ हा संघ काढला. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंतच्या ‘रेस अॅक्रॉस अमेरिका’त, म्हणजे ‘रॅम’मध्ये, हा संघ २००६ मध्ये उतरला आणि २००७ मध्ये आठजणांच्या गटात पहिला आला. महाराष्ट्राला ‘रॅम’ अनोळखी नाही. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांच्या जोडीने २०१५ मध्ये आणि नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये एकट्याने ती पूर्ण केली. जवळपास ४,८०० किलोमीटर रात्रंदिवस चालणारी ही शर्यत निरोगी माणसालाही मोडून काढते. ती इन्शुलिन टोचत, बोटातून रक्त काढून साखर तपासत जिंकता येते हे टीम टाइप वनने दाखवल्यावर मधुमेही मुलांच्या आईबापांना केवढा धीर आला असेल! पुढे याच संघातून आजचा ‘टीम नोव्हो नॉर्डिस्क’ हा व्यावसायिक संघ झाला. त्याचे सगळे सायकलपटू टाइप वन मधुमेही आहेत.

लांब पल्ला म्हणजे किती, याला हौशी सायकलपटूंच्या जगात एक निश्चित उत्तर आहे. फ्रान्समध्ये रुजलेल्या आणि आता भारतातही जोमाने चालणाऱ्या ब्रेव्हे, म्हणजे ‘बीआरएम’, या प्रकारात २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३०० किलोमीटर २० तासांत, ४०० किलोमीटर २७ तासांत आणि ६०० किलोमीटर ४० तासांत पुरे करायचे असतात. ही शर्यत नव्हे, पहिला-दुसरा नंबर नसतो. एका वर्षात चारही अंतरे पुरी करणाऱ्याला ‘सुपर रँडोनिअर’ म्हणतात. खाणे, विश्रांती, पंक्चर, सॉकेट कोरडे करणे, साखर तपासणे, सगळे या वेळातच बसवावे लागते आणि अपंगत्वासाठी वेळेची सूट नाही. दुसरीकडे वाहनावर फारसे बंधनही नाही. ते फक्त माणसाच्या शक्तीने चालले पाहिजे, मग ती टँडेम असो, तीनचाकी असो की हातांनी चालवायची सायकल. मर्यादा असलेल्या माणसाला इथे कुणी वेगळ्या रांगेत उभे करत नाही. अनेकांना नेमके हेच हवे असते. ज्यांना विजेच्या मदतीची गरज आहे, उदाहरणार्थ हृदयाची क्षमता कमी असलेले, त्यांना बीआरएम बंद असले तरी लांबचा रस्ता बंद नाही. भारतात २५० वॉटपर्यंतची मोटर आणि ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी वेग असलेल्या ई-सायकलला नोंदणी लागत नाही.

तयारी किलोमीटर मोजून न करता मिनिटे मोजून करावी, हे अनुभवी मार्गदर्शक पहिल्या दिवशीच सांगतात. डॉक्टरांची परवानगी, मग आठवड्यातून तीनचार दिवस वीस-तीस मिनिटे, शेजारच्याशी बोलता येईल इतक्याच दमाने. बोलता येणे ही खूण हृदयरुग्णांसाठी तर अधिकच उपयोगाची, कारण बीटा-ब्लॉकर गोळ्यांमुळे नाडी फारशी वाढत नाही आणि घड्याळातला नाडीचा आकडा फसवा ठरतो. मग आठवड्यातली एक फेरी हळूहळू लांबवत न्यायची आणि अधूनमधून एक आठवडा हलका ठेवायचा. दोन तासांपुढच्या प्रवासात भूक लागण्याची वाट पाहून चालत नाही. तासाला साधारण ३० ते ६० ग्रॅम पिष्टमय पदार्थ पोटात जावे लागतात. एखाद-दोन केळी, राजगिऱ्याचा लाडू, गुडदाणी एवढे पुरते. जवळ मीठ-साखरेचे पाणी हवे. मणक्याला इजा झालेल्यांची काळजी आणखी वेगळी. इजा छातीच्या सहाव्या मणक्याच्या वर असेल तर शरीराच्या खालच्या भागाला घाम येत नाही आणि ताप बाहेर पडत नाही, शिवाय तुंबलेल्या मूत्राशयासारख्या साध्या कारणाने रक्तदाब अचानक धोकादायक पातळीला जाऊ शकतो. विदर्भातल्या एप्रिल-मे महिन्यांत अशा माणसाने दुपारी रस्त्यावर असूच नये. सीटवर दाब पडलेल्या जागी संवेदना नसल्याने जखम कळत नाही, म्हणून मुक्कामाला पोचल्यावर आरशात किंवा सोबत्याकडून कातडी तपासून घ्यावी लागते.

सायकल आणि दान यांची गाठ पक्की बसली ती १९८० च्या सुमारास. त्या वर्षी कॅनडात कर्करोगाने एक पाय गमावलेल्या टेरी फॉक्सने कृत्रिम पायावर देश ओलांडायला धाव सुरू केली. १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर धावल्यावर कर्करोग फुप्फुसात पसरल्याने त्याला थांबावे लागले आणि १९८१ मध्ये तो गेला. १९८५ ते १९८७ या काळात रिक हॅन्सन व्हीलचेअरवरून ३४ देशांतून ४०,००० किलोमीटरहून अधिक फिरला आणि मणक्याच्या इजेवरील संशोधनासाठी त्याने २.६ कोटी डॉलर जमवले. हे दोघे सायकलपटू नव्हते, पण पुढच्या धर्मादाय सायकलफेऱ्यांवर त्यांची छाप स्पष्ट आहे. ज्याला मदतीची गरज आहे असे समाज मानतो, तोच माणूस इथे मदत गोळा करणारा झाला. १९८० मध्येच अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्‌स राज्यात बिली स्टार या तरुणाने, आई कर्करोगाने गेल्यानंतर, ३६ सायकलपटूंना घेऊन स्प्रिंगफील्ड ते प्रॉव्हिन्सटाउन असा सुमारे ३५० किलोमीटरचा प्रवास केला. त्यातून १०,२०० डॉलर जमले. ‘पॅन-मॅस चॅलेंज’ या नावाने ही फेरी दरवर्षी होत राहिली आणि बोस्टनच्या डेना-फार्बर कर्करोग संस्थेसाठी तिने आजवर एक अब्ज डॉलरहून अधिक रक्कम उभी केली. सायकल चालवणाऱ्यांत कर्करोगातून बरे झालेले आणि उपचार चालू असलेलेही असतात. कॅलिफोर्नियात सॅन फ्रान्सिस्को ते लॉस एंजेलिस अशी सात दिवसांची एड्स-निधीसाठीची फेरी २००२ पासून २०२५ पर्यंत चालली. तिच्यात एचआयव्हीबाधित सायकलपटूंचा स्वतःचा गट होता. ज्या आजाराचे नाव उच्चारायला लोक कचरत, तो आजार असलेली माणसे ८७५ किलोमीटर सायकल चालवत समुद्रकिनाऱ्याने उघड निघत.

महाराष्ट्रातल्या वाचकाला या ओळीत एक नाव आठवल्याशिवाय राहणार नाही. १९८५ च्या डिसेंबरात बाबा आमटे यांनी कन्याकुमारीहून काश्मीरकडे ‘भारत जोडो’ यात्रा काढली. मणक्याच्या विकारामुळे बाबांना बसता येत नव्हते, एक तर उभे राहायचे किंवा आडवे व्हायचे. सत्तरी ओलांडलेले बाबा गाडीत आडवे पडून निघाले आणि त्यांच्यासोबत तरुण-तरुणी सायकलवरून सुमारे ५,००० किलोमीटर गेले. तीन वर्षांनी अरुणाचलातल्या इटानगरहून गुजरातमधल्या ओख्यापर्यंत दुसरी यात्रा झाली. हेतू निधीचा नव्हता, फुटीच्या भाषेने पेटलेल्या देशात माणसे जोडण्याचा होता. पण आनंदवनात कुष्ठरोग्यांच्या हाताला काम देऊन त्यांना कमावते करणाऱ्या माणसाने सायकल निवडावी, यात एक सुसंगती आहे. सायकलचा वेग गावात थांबून बोलण्याजोगा असतो.

भारतातल्या अपंग सायकलपटूंची आजची चळवळ मुख्यतः गेल्या दीड दशकातली. हैदराबादचे आदित्य मेहता यांनी रस्ता-अपघातात एक पाय गमावला. २०१३ मध्ये दिल्लीत झालेल्या आशियाई पॅरा-सायकलिंग स्पर्धेत त्यांनी दोन रौप्यपदके मिळवली. त्यांच्या नावाची संस्था अपंग खेळाडूंना, त्यांत सुरक्षा दलांतल्या जखमी जवानांना, प्रशिक्षण आणि साधने देते आणि त्यासाठी ‘इन्फिनिटी राइड’ काढते. २०२० च्या अखेरीस सीमा सुरक्षा दलाच्या सहकार्याने निघालेल्या फेरीत अपंग सायकलपटू काश्मीरहून कन्याकुमारीपर्यंत सुमारे ३,८०० किलोमीटर गेले. २०२४ च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये सायकलिंगला भारताचे पहिल्यांदाच खेळाडू होते: अर्शद शेख आणि भंडारा जिल्ह्यातली ज्योती गडेरिया. ज्योतीनेही पाय अपघातातच गमावला. धान पिकवणाऱ्या पूर्व विदर्भातली मुलगी कृत्रिम पायावर पॅरिसच्या ट्रॅकवर उतरते, ही बातमी महाराष्ट्रात जेवढी गाजायला हवी होती तेवढी गाजली नाही, याची खंत वाटते.

पुण्यात दिव्यांशु गणात्रा यांचे काम वेगळ्या दिशेचे आहे. काचबिंदूमुळे एकोणिसाव्या वर्षी त्यांची दृष्टी गेली. एकट्याने पॅराग्लायडिंग करणारे ते भारतातले पहिले अंध मानले जातात. त्यांनी स्थापन केलेल्या ‘अॅडव्हेंचर्स बियाँड बॅरिअर्स फाउंडेशन’मध्ये अपंग आणि धडधाकट माणसे एकत्र साहस करतात. अपंगांसाठी वेगळा कार्यक्रम नको, हा त्यांचा आग्रह. २०१६ मध्ये ते टँडेमवरून मनाली ते खार्दुंग ला गेले. सुमारे ५५० किलोमीटरच्या या रस्त्यावर तांगलांग ला ५,३०० मीटरच्या वर आणि खार्दुंग ला ५,३५९ मीटरवर आहे. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा असतो. दोघांच्या फुप्फुसांना त्या हवेत एकाच साखळीवर जुळवून घ्यावे लागते. एक दमला की दोघेही थांबतात.

निधीच्या बाजूची शिस्त शरीराच्या शिस्तीइतकीच कडक हवी. रक्कम जमवण्याच्या रीती दोनतीन आहेत: किलोमीटरमागे ठरावीक देणगी, पूर्ण प्रवासासाठी एकरकमी देणगी, किंवा सायकलपटूने किमान अमुक रक्कम जमवण्याची अट. प्रवासाचा खर्च, म्हणजे सोबतची गाडी, डॉक्टर, मुक्काम, सुटे भाग, हा देणगीतून न काढता सहभाग शुल्कातून किंवा प्रायोजकाकडून भागवणे सर्वांत स्वच्छ. पॅन-मॅस चॅलेंजमध्ये सायकलपटूंनी जमवलेली सगळी रक्कम संस्थेला जाते आणि फेरीचा खर्च वेगळा भागवला जातो. महाराष्ट्रात ज्या संस्थेसाठी पैसे जमवायचे ती धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली असावी, पावती संस्थेच्या नावाने मिळावी आणि रोख टाळावी. करसवलतीसाठी २,००० रुपयांपेक्षा जास्त रोख देणगी तशीही ग्राह्य धरली जात नाही. याहून महत्त्वाचे म्हणजे अपंग सायकलपटूला निव्वळ फोटोसाठी व्यासपीठावर बसवणाऱ्या फेऱ्यांपासून दूर राहावे. मार्ग ठरवताना, मुक्काम निवडताना, पैसा कुठे जावा हे ठरवताना त्याचा शब्द चालत नसेल तर ती फेरी त्याची नाही.

धोकेही आहेत. दोन्ही पाय गमावल्यानंतर लंडन आणि रिओ पॅरालिम्पिकमध्ये हँडसायकलवर सुवर्णपदके जिंकणारे इटलीचे अॅलेक्स झानार्दी जून २०२० मध्ये अपंग खेळाडूंच्या एका रिले-फेरीत ट्रकवर आदळून गंभीर जखमी झाले. तो रस्ता वाहतुकीचा होता आणि हँडसायकलवरच्या माणसाचे डोके ट्रकच्या चाकाच्या उंचीला येते. भारतातल्या महामार्गांवर म्हणूनच हँडसायकलला उंच काठीवर झेंडा आणि मागे-पुढे दिवे लागतात. मागून इशारा देत चालणारी गाडी असल्याशिवाय अशी फेरी काढू नये. टँडेमलाही रात्री परावर्तक जाकीट दोघांनी घालायचे असते, कारण मागून येणाऱ्याला दिसते ती मागच्याची पाठ.

फेरी संपल्यावरही काम उरते. पहिली रात्र मधुमेह्याने एकट्याने काढू नये आणि मध्यरात्रीनंतर एकदा साखर तपासावी. कृत्रिम पाय वापरणाऱ्याने दोन दिवस सॉकेटला विश्रांती द्यावी. सीट, क्रँक, सॉकेट यांत प्रवासात जे फेरबदल करावे लागले त्यांची मापे वहीत उतरवून ठेवावीत, म्हणजे पुढच्या फेरीला आणि तशाच देहाच्या दुसऱ्या नवख्या सायकलपटूला ती तयार मिळतात. जमलेली रक्कम, झालेला खर्च आणि संस्थेकडे पोचलेला पैसा यांचा हिशेब महिन्याभरात देणगीदारांकडे जावा, आणि त्यावर सायकलपटूची सहीही असावी.